छपरांची गोधडी

घोळ भाच्याने घातला, आणि तोही मदत करता करता. त्याचे बहुतेक घोळ मदतीतूनच होतात. एरवी तो खाटेवर लोळत पडलेला असतो तेव्हा कुणाचं काहीच बिघडत नाही.

मावशी घर सोडून लेकीकडे राहायला निघाली होती. गुडघ्यांनी असहकार पुकारला होता आणि तिचं घर वरच्या मजल्यावर. संध्याकाळी सामानाचा ट्रक यायचा होता. भांडीकुंडी बांधून होत आली होती. प्रश्न होता तो जन्मभर शिवलेल्या गोधड्यांचा. लेकीने फोनवर आधीच सांगून टाकलं होतं, "आई, एक आण. अंगावर घ्यायची आण. भिंतीवरच्या नकोत. आमच्या भिंतींना कपाटं आहेत."

आता मावशीच्या गोधड्या अंगावर घेण्यासारख्या नव्हत्याच. कपड्यांच्या एका दुकानात तिने उभी हयात कपडे मापाचे करून देण्यात घालवली. कुणाची पँट आखूड कर, कुणाचा कोट पोटावर सैल कर. कापून उरलेले तुकडे दुकानदार फेकायला निघाला की ती आपली पिशवी पुढे करायची, आणि घरी आणून त्यांची चित्रं जोडायची. खाली कापूस, त्याखाली एखादी जुनी चादर, आणि सगळ्यावरून धावदोरा, इतका बारीक की टाका शोधायला चष्मा लागावा. लाल आणि करड्या त्रिकोणांची एक भलीमोठी गोधडी होती, तिचं नाव 'सासूबाईंचा राग'. सासूबाई हयात होत्या तोवर तिला 'सूर्यास्त' म्हणत.

सकाळपासून लोक येऊन एकेक गोधडी नेत होते. शेजारणीने 'विहीर' नेली, सोफ्यावर टाकायला. "रंग छान मळखाऊ आहे," असं कौतुकही केलं. दातांच्या डॉक्टरांनी 'बंद दुकानं' मोजपट्टीने मापली आणि बाकावर बसते की नाही ते पाहूनच उचलली. आणखी एका बाईने 'सासूबाईंचा राग' पूर्ण उलगडली, नाक मुरडलं आणि कशीतरी घडी करून परत ठेवली. मावशी सगळ्यांना "बरं" म्हणत होती. चहाचे डाग पडतील म्हणालात? बरं. मशीनमध्ये धुणार? बरं. कुत्र्याला? बरं.

तिचा जीव अडकला होता तो एकाच गोधडीत. ती म्हणजे 'छपरं'. गच्चीवरून दिसणारी अख्खी गल्ली तिने त्या गोधडीत आणली होती: कौलं, पत्रे, पाण्याच्या टाक्या, अँटेना. आणि गंमत अशी, की ज्या घराचं छप्पर, त्याच घरातल्या माणसाच्या कपड्याचा तुकडा. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. गल्लीला आपापल्या पँटी आठवल्या असत्या. वाचनालयाच्या बाईंनी ती एकदा पाहिली आणि वाचायच्या टेबलांसमोरच्या भिंतीवर लावायचं कबूल केलं. दांडीसुद्धा ठोकून घेतली. बाकीच्यांचं काय व्हायचं ते होवो, ही एक भिंतीवर लागली की मावशी निर्धास्त ट्रकमध्ये बसणार होती.

"मोठी आहे ती वाचनालयात पोचव," स्वयंपाकघरातून डबे बांधता बांधता तिने भाच्याला सांगितलं.

पण मोठ्या दोन होत्या. आणि मावशीची सवय अशी, की घडी घालताना चित्र आत, पाठ बाहेर. उजेडाने रंग विटतात म्हणून. 'छपरं'ची पाठ तर अगदीच भिकार होती, शाईचा डाग पडलेली जुनी चादर. चांगलं कापड सगळं पुढे खर्ची पडलं होतं. उलट 'सासूबाईंचा राग' त्या नाक मुरडणाऱ्या बाईच्या कृपेने चित्र बाहेर करून दिमाखात बसली होती. भाच्याने दोन्हींकडे पाहिलं आणि रंगीत उचलून वाचनालयात नेऊन दिली. परत आला तर दारात इस्त्रीवाला उभा, शेवटचे कपडे घेऊन.

"टेबलावर घालायला जुनंपानं जाड काही मिळेल का हो? माझं पार जळून गेलंय."

"ही ने," भाचा म्हणाला आणि शाईच्या डागाची घडी त्याच्या खांद्यावर ठेवली. वर कुणाचं तरी भलं केल्याच्या समाधानात पंख्याखाली जाऊन आडवा झाला.

दुपार कलायला लागल्यावर वाचनालयातून फोन आला.

"मावशी, गोधडी पोचली हं. लावलीसुद्धा. पण यात छपरं कुठली ते कळेना."

"कशी दिसतेय?"

"लाल. टोकदार. जरा रागावल्यासारखी."

मावशीने फोन ठेवला आणि बाहेरच्या खोलीत आली. जिथे घडी होती तिथे फरशी होती.

"इथली चादरीची गोधडी?"

"शाईच्या डागाची? ती इस्त्रीवाल्याला दिली. जुनीच होती ना?"

मावशीने चपला घातल्या आणि कठडा धरून एकेक पायरी उतरायला लागली. भाच्याला आता कुठे अंदाज आला. तो मागे धावला. "तू बस ना मावशी, मी आणतो."

"तू काही आणू नकोस आणि काही नेऊही नकोस."

इस्त्रीवाल्याचं दुकान म्हणजे रस्त्याला लागून एक खोली. एका टेबलावर तो शर्ट दाबत होता, दुसऱ्यावर त्याची बायको फ्रॉकच्या झालरीशी झटत होती. दोन्ही टेबलांवर पांढरी कापडं ताणलेली.

"या मावशी, बसा. काय माल दिलात. वाफ धरून ठेवते. एका हातात शर्ट होतोय."

"जरा दाखवतोस का?"

त्याने कौतुकाने पांढरं कापड वर केलं. खाली शाईचा डाग. डागाचा अर्धा भाग. उरलेला अर्धा बायकोच्या टेबलावर होता.

"मोठी होती, म्हटलं दोन टेबलं होतील. ही कधीची मागे लागली होती."

"नुसत्या लाकडावर मनगट दुखून यायचं," बायको म्हणाली. "आता कापसावर चालल्यासारखं वाटतं बघा."

भाचा म्हणायला लागला, "अहो, ती खरं तर..." मावशीने त्याचा दंड असा धरला की पुढचं वाक्य घशातच राहिलं.

काय म्हणणार होती ती? दिलेली वस्तू परत द्या? आणि देऊन करायचं काय? कापसातून गेलेली कात्री सांधता येते, पण सांध्याची रेघ जन्मभर दिसत राहते. हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. वाचनालयात तर राग भिंतीवर चढूनसुद्धा बसला होता. तिने तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते भलतंच.

"काठ मोकळे ठेवलेत तुम्ही. कापूस बाहेर येईल. सुई आहे का?"

सुई होती, तुटलेली बटणं लावायला. काठाला गोट लावायला कापड म्हणून बायकोने एका फाटक्या उशीचा अभ्रा दिला. मावशी स्टुलावर बसली, बायकोचा अर्धा भाग मांडीवर घेतला आणि उलटा केला. कात्री शाळेच्या पत्र्यातून आत शिरून टाकीच्या पोटातून बाहेर पडली होती. इस्त्रीवाला वाकून बघायला लागला. दिल्यापासून त्याने ती उलटून पाहिलीच नव्हती.

"हे चौकोन कसले हो?"

"आपली गल्ली आहे. हे तुझं छप्पर. तुझ्या वडिलांची पँट आखूड केली होती मी, तिचा तुकडा."

तो बघतच राहिला. करडं कापड, त्यात बारीक निळी रेघ.

"हीच. हिची घडी मोडलेली चालायची नाही त्यांना." मग त्या रेघेवरून बोट फिरवत, "म्हणजे हे तुम्ही मुद्दाम केलेलं होतं?"

"हो."

"आणि मी कापलं."

"मुद्दाम थोडंच कापलंस. तुला काय माहीत."

त्याने इस्त्री उभी करून ठेवली. "घेऊन जा मावशी. आम्ही दुसरं बघतो."

"कुठे नेऊ? सांग तू. लेकीकडे जागा नाही, वाचनालयात नाही, आणि मला आता जिना चढून वरसुद्धा नेता यायची नाही." हे ती रागावून म्हणाली नाही. हिशेब करून झाल्यावर म्हणावं तसं म्हणाली. बायकोने पाण्याचा पेला पुढे केला तो तिने तसाच बाजूला ठेवला आणि टाके घालत राहिली. भाचा दाराशी उभा राहून स्वतःच्या अंगठ्याचं नख बघत होता. त्यातही त्याला काही मदत करता येत नव्हती.

बायकोच्या अर्ध्याला चारही बाजूंनी गोट लागला. इस्त्रीवाल्याच्या अर्ध्याच्या तीन बाजू झाल्या, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी, हमालांनी सामान भरून ठेवलेल्या ट्रकचा हॉर्न वाजला. मग पुन्हा वाजला. मग ड्रायव्हरने हात हॉर्नवरून उचललाच नाही.

"मावशी, तो पुढच्या भाड्याला जाईल," भाचा म्हणाला.

मावशीने दोरा दातांनी तोडला. उरलेल्या काठावरून बोट फिरवलं. कापूस डोकावत होता, तो आत सारला.

"या बाजूने ओढू नकोस हं. मी आले की करते."

"या सावकाश," इस्त्रीवाला म्हणाला. त्यालाही ठाऊक होतं, तिलाही ठाऊक होतं.

भाच्याने तिला ट्रकच्या पुढच्या सीटवर अर्धी ढकलून, अर्धी उचलून बसवलं. ट्रक हलला तशी इस्त्रीवाल्याची बायको दाराबाहेर आली आणि हात हलवत ओरडली, "मावशी, एक बाजू राहिली बरं का तुमच्याकडे."

"आहे लक्षात," मावशी म्हणाली. पण ट्रकचा आवाज फार होता.