उचललेला कोपरा

साच्यात काहीही खोट नव्हती. खोट माझ्या मॉडेलमध्ये होती, आणि हे कळल्यावरही मी माझ्या बायकोच्या थोरल्या भावाला दोषी ठरवलं.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात डिझायनर होतो. खिशात मावणारे, हेडफोन लावून ऐकायचे कॅसेट प्लेअर आम्ही काढणार होतो. एक साधा, एक रेडिओवाला, एक रेकॉर्डिंगवाला. झाकण तिन्हींना एकच. डिझाइन माझं, असं म्हणायचं. खरं तर मालकाने स्मगलिंगच्या मालाच्या दुकानातून एक परदेशी प्लेअर आणून माझ्या टेबलावर ठेवला होता. "असाच हवा. पण आपला वाटला पाहिजे."

मी तो सगळा मोजून काढला. झाकणाचा एक कोपरा किंचित उचललेला होता. दुकानाच्या काचेमागे उन्हाने तो वाकला असेल, हे माझ्या मनातही आलं नाही. परदेशी माणसाने काही विचार करूनच केलं असणार, नखाने उघडायला सोपं जावं म्हणून. माझ्या लाकडी मॉडेलमध्ये मी तो कोपरा मोठ्या निष्ठेने उचलला.

मेहुण्याचं डोंबिवलीला एमआयडीसीत वर्कशॉप होतं. त्या मॉडेलवरून त्याने पोलादात साचा कोरला. पहिली प्लास्टिकची झाकणं निघाली आणि सगळ्यांच्या कोपऱ्यात फट. कॅसेट फिरायला लागली की झाकण थरथरायचं.

आम्ही ठाण्यातच कोपरीला राहायचो, तिथे शेजाऱ्याचा मुलगा आखातातून तोच प्लेअर घेऊन आलेला. मी तो बघायला मागितला. त्याचं झाकण सपाट होतं.

दुसऱ्या दिवशी मालकाने आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

"साचा वाकडा आहे," मी म्हणालो.

मेहुणा माझ्याकडे बघतच राहिला. "जावईबापू, मॉडेल आणा. आत्ता इथे ताडून बघू."

"मॉडेल फुटलं."

"फुटलं, की फोडलंत?"

"तुम्हाला साचा जमला नाही, त्याला मी काय करू?"

मालकाने झाकण मेहुण्याच्या अंगावर भिरकावलं. "सोयरीक बघून काम दिलं ना, तिथेच फसलो. उचला तुमचा साचा."

जिन्यात मेहुण्याने मला अडवलं. "बहिणीचा विचार करतोय म्हणून तुझी कॉलर धरत नाही. माझ्या दारात पाय ठेवू नकोस."

मी गुपचूप सपाट कोपऱ्याचं नवं मॉडेल केलं. दुसऱ्याने साचा बनवला, माल बाजारात गेला, माझी पाठ थोपटली गेली. मालक मात्र भेटेल त्याला त्या वाकड्या साच्याची गोष्ट सांगत सुटला, आणि वागळे इस्टेटमधून मेहुण्याला काम मिळणं बंद झालं. बादल्यांच्या कड्यांचे साचे करण्यावर तो आला. बायको भाऊबीजेला एकटी जायची आणि परत आली की माझ्याशी बोलायची नाही. मीही उलट तिच्यावरच डाफरायचो, "तुझा भाऊ मुजोर आहे."

काही वर्षांनी दिवाळीची साफसफाई करताना तिला माळ्यावर जुनं मॉडेल सापडलं. स्वतःच्या हाताने घडवलेलं, म्हणून मला ते टाकवलं नव्हतं. तिने ते ओट्यावर ठेवलं. एक कोपरा वर.

"हे फुटलेलं ना?"

मी ते उचलायला गेलो, तिने ते स्वतःकडे ओढलं.

"भाऊबीजेला दादाकडे हे मी घेऊन जाऊ, की त्याआधी तुम्ही जाताय?"

मी गेलो. मेहुण्याने मला बस म्हटलं नाही. मॉडेलवर पोलादी पट्टी आडवी ठेवली आणि खालची फट बघितली.

"मला कशाला दाखवतोस? मला माहीतच होतं. ज्याच्यासमोर माझी अब्रू काढलीस, त्याला दाखव."

नोकरी जाईल, असं मी पुटपुटलो.

"माझी कामं गेली तेव्हा विचारलंस?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्याच केबिनमध्ये उभे राहिलो. मी मॉडेल मालकाच्या टेबलावर ठेवलं आणि मेहुण्याकडे वळलो.

"साचा बरोबर होता. मॉडेल चुकीचं होतं, आणि ते मला त्याच दिवशी माहीत होतं. मी खोटं बोललो. दादा, मला माफ करा."