झाकण उचलणारी बोटं

समोरच्या घरातल्या सुनेला प्रयोगशाळेत सगळे ताई म्हणतात, म्हणून मीही ताईच म्हणते. पेशींना थेंब-थेंब मोजून खाद्य घालणं हे तिचं काम. थेंब सोडणाऱ्या नळीचं, म्हणजे पिपेटचं, बटण उजव्या अंगठ्यानं दाबायचं, सोडायचं, पुन्हा दाबायचं, वर्षानुवर्षं तेच. गेल्या हिवाळ्यापासून त्या अंगठ्यानं दगा द्यायला सुरुवात केली. आधी नुसता आखडायचा, मग कपडे पिळताना कोपरापर्यंत कळ जायला लागली. हे तिनं फक्त सासूबाईंना सांगितलं होतं. प्रयोगशाळेत कळलं तर आपली नोकरी गेलीच, असं तिनं मनाशी धरलं होतं.

तेवढ्यात थेंब टाकणारा रोबो आला आणि तिला हायसं वाटलं. पण त्याला नुसते थेंबच टाकता येत. पेशींच्या प्लेटवरचं झाकण काढायला आणि घालायला माणूसच लागे, आणि त्यानंही अंगठा ठणके. झाकण धरणारा तयार चिमटा फार महाग, म्हणून प्रयोगशाळेच्या साहेबांनी तो विषय बाजूला ठेवलेला. तेव्हा ताईनं स्वतःच चिमटा करायचं डोक्यात घेतलं. रोबोच्या हाताला बसतील अशी प्लास्टिकची दोन बोटं तिनं थ्रीडी प्रिंटरवर काढली आणि ती हलवायला छोटी मोटर लावली. पण झाकण सारखं निसटे. घरी जेवणाच्या टेबलावर ती ते झाकण आणि ती बोटं घेऊन बसायची, आणि घास तसाच राहायचा. जन्मभर शिवणकाम केलेल्या सासूबाईंनी एकदा चष्म्यावरून पाहिलं.

"गुळगुळीताला गुळगुळीत कसं धरेल गं? सासू-सुनेसारखं थोडं खरखरीत हवं."

सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चिकटवल्यावर पकड बसली. रिकाम्या प्लेटांवर चिमटा एकदाही चुकला नाही.

मग जिवंत पेशींवरच्या खऱ्या चाचणीचा दिवस आला. साहेब शेजारी उभे राहिले. या पेशी पुन्हा मिळायच्या नाहीत, एवढंच ते म्हणाले, आणि तेवढं पुरे होतं.

उबदार पेटीतून प्लेट बाहेर आली. झाकणाला आतून वाफ धरली होती. चिमटा खाली आला, बोटं मिटली, आणि झाकणाबरोबर अख्खी प्लेटच वर उचलली गेली. वाफेच्या पाण्यानं दोन्ही एकमेकांना चिकटली होती. कोरड्या प्लेटांवर हे दिसणार कसं? ताईनं रोबो थांबवला. प्लेट अधांतरी, आणि तिचा एक कोपरा सुटत चाललेला. तिनं उजवा हात पुढे केला, पण अंगठा मिटेना. मग डावाही खाली घातला आणि प्लेट दोन्ही तळव्यांवर तोलून धरली.

"सर, तुम्ही घ्या ही. माझा अंगठा धरत नाही. बरेच महिने झाले."

साहेबांनी प्लेट चिमट्यातून सोडवून अलगद टेबलावर ठेवली. थेंबही सांडला नव्हता, पण ताईचं लक्ष तिकडे नव्हतंच. ती साहेबांच्या तोंडाकडे बघत होती. साहेब चिडले ते लपवल्याबद्दल. डॉक्टरांना दाखवलं का, असं त्यांनी विचारलं. ती नाही म्हणाली, तेव्हा उद्या आधी तिकडे जा, मग इकडे या, म्हणाले. 'इकडे या' हे दोन शब्द तिनं मनात दोनदा घोळवून पाहिले. नोकरी राहिली का, हे विचारायचा धीर झाला नाही.

मग साहेब चिमट्याकडे बघत म्हणाले, "तुमच्या हातून कधी प्लेट वर आली नाही. तुम्ही झाकण काढता कसं?"

तिनं डाव्या हातानं काढून दाखवलं. "आधी एक कड उचलते. हवा आत गेली की सुटतं," म्हणाली आणि थांबलीच. इतकी वर्षं हे काम अंगठा करत होता. चिमट्यालाही ते शिकवावं लागेल, हे तिला सुचलंच नव्हतं.

म्हणजे चिमट्याचं एक बोट आधी वर जायला हवं. मोटर सोडवून पुन्हा बसवायला हवी. तिचा हात सवयीनं स्क्रूड्रायव्हरकडे गेला. साहेबांनी तो आधीच उचलला होता.

"फिरवतो मी. कुठला स्क्रू, तेवढं सांगा."

ताईनं मोटरच्या स्क्रूकडे बोट दाखवलं.