साळवे सरांची निकाली काढलेली तक्रार

आमच्या घरात साळवे सरांचं नाव कधी निघत नाही, कारण मी ते कधी काढलंच नाही. नवऱ्याला माहीत नाही. पाचोडला आईला माहीत नाही. ऑफिसात माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या बाईलाही नाही. सहा वर्षं झाली. तुम्हाला सांगतेय, ते पहिल्यांदाच.

कुठलं ऑफिस, ते राहू द्या. सरकारी आहे, एवढं पुरे. मी तिथं कंत्राटावर ऑपरेटर. लोक मोबाइलवरून तक्रार टाकतात – नाली तुंबली, दिवा बंद, पाणी आलं नाही – ती माझ्या स्क्रीनवर येते. मी ती त्या भागाच्या मुकादमाला पाठवायची. काम झालं की त्यानं फोटो द्यायचा, तो मी चढवायचा आणि तक्रार बंद करायची. बंद केली की त्याच क्षणी तक्रारदाराच्या मोबाइलवर मेसेज जातो: आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. खाली फोटो बघायची लिंक. आधी लोक अर्ज घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर फिरायचे, त्यापेक्षा हे चांगलंच. मनापासून म्हणते. कॉम्प्युटरनं काही बिघडवलं नाही.

सात दिवसांत तक्रार बंद झाली नाही तर ती ओळ लाल व्हायची. सोमवारी वरच्या बैठकीत साहेबांना लाल ओळींचा जाब द्यावा लागायचा. "सोमवारी मला लाल दिसायला नको," एवढंच ते म्हणायचे. खोटं करा, असं त्यांनी कधीच सांगितलं नाही. हे मुद्दाम सांगते. नाहीतर तुम्ही माझ्या वाटचा दोष त्यांच्यावर टाकाल.

साळवे सरांची तक्रार पावसाळा सरता सरता आली. छावणीकडून येणाऱ्या रस्त्याला लागून एक अरुंद गल्ली आहे, तिथली. नाली झाकणाऱ्या सिमेंटच्या फरशीला आमच्याकडं ढापा म्हणतात. तो ढापा फुटला होता आणि गल्लीच्या मधोमध नाली उघडी पडली होती. तक्रार मोबाइलवर बोलून लिहिलेली दिसत होती, कारण प्रत्येक वाक्यानंतर 'पूर्णविराम' हा शब्दच अक्षरांत उमटला होता. मला हसू आलं होतं, हेही सांगून टाकते.

मी मुकादमाला दोनदा फोन केला. "ढापेच नाय आले, ताई. आले की टाकतो," तो म्हणाला. आणि मग तो शुक्रवार आला. चार ओळी सोमवारपर्यंत लाल होणार होत्या. चारही खऱ्या होत्या, चारही कामं झालेली नव्हती. मी चारपैकी एक बंद केली. माझ्याकडं जुन्या कामांचे फोटो होते. त्यातला एका नव्या ढाप्याचा फोटो निवडला – दुसऱ्याच वस्तीतला – आणि चढवला.

एकच का? आणि तीच का?

बरीच वर्षं मी स्वतःला एक उत्तर देत आले. घाईत होते, तक्रार पुरती वाचली नव्हती, हाताला आली ती बंद केली. एखाद्या गोष्टीची इतकी उजळणी केली की ती खरीच वाटायला लागते. कधी कधी मला ती खरी वाटायचीही.

पण मी तक्रार वाचली होती. शेवटपर्यंत. शेवटी लिहिलं होतं: मला दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही पूर्णविराम मी काठीने चाचपत जातो पूर्णविराम तोवर मोठ्या रस्त्याने वळसा घालून जात आहे पूर्णविराम कृपया झाल्यावर कळवावे.

बाकीच्या तिघांनी फोटो उघडला असता. उघडून लगेच बोंब मारली असती, पुन्हा तक्रार टाकली असती, साहेबांपर्यंत गेले असते. साळवे सर फोटो बघू शकत नव्हते. म्हणून मी त्यांची तक्रार निवडली. घाईत नाही. विचार करून, चहा पिता पिता.

हेच ते. पण इथं संपत नाही.

सरांनी मेसेज मोबाइलकडून वाचून घेतला आणि विश्वास ठेवला. शनिवारी सकाळी वळसा न घालता गल्लीतून निघाले. काठी ढाप्यावर टेकवायला गेले, काठीला काही लागलं नाही, आणि तोल जाऊन आत पडले. मांडीचं हाड मोडलं. शेजाऱ्यांनी बाहेर काढून दवाखान्यात नेलं. सोमवारी लाल ओळी चारऐवजी तीन होत्या. त्याच दुपारी मुकादमाचा फोन आला – "ताई, तिथं एक आंधळे मास्तर पडले. लई लागलंय. बोंबाबोंब झाली, म्हणून दुसरीकडचा ढापा आणून बसवला." त्यानं फोटो पाठवला. तेव्हा मी काय केलं असेल? तक्रार पुन्हा उघडली असेल? साहेबांना सांगितलं असेल? माझ्या लॉगिनमधून जुना फोटो काढून नवा चढवता यायचा. बंद केल्याची तारीख मात्र तीच, शुक्रवारची, राहायची. मी फोटो बदलला. दोन मिनिटं लागली.

दीड महिन्यानं सर ऑफिसात आले. वॉकर धरून, लेकीच्या आधारानं. लेकीचं नाव सुजाता, बिडकीनकडं एका कंपनीत नोकरीला, अंधारात निघून अंधारात घरी येणारी. सर म्हणजे शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेला माणूस, आवाज अगदी स्वच्छ. सुजाता मात्र रागात होती. तिनं माझ्यासमोर बापाचा मोबाइल धरला.

"काम न करता मेसेज पाठवला तुम्ही. माझे पप्पा त्या मेसेजच्या भरवशावर गेले."

"सुजाता, हळू," सर म्हणाले. मग माझ्या दिशेनं चेहरा करून बोलले, "ताई, मी हिला कधीचा सांगतोय. त्यांनी ढापा बसवला असंल, कुणीतरी रातोरात उचलून नेला असंल. सरकारी मेसेज खोटा कसा असंल? फोटो लावावा लागतो त्याला."

"मग दाखवा फोटो," सुजाता म्हणाली.

दवाखान्याच्या धावपळीत लिंक उघडायचं तिला तोवर सुचलंच नव्हतं. मी स्क्रीन तिच्याकडं वळवली. तिच्या गल्लीचा फोटो. शेजारच्या घराचं निळं दार, तुळशीचा डबा, नवाकोरा ढापा. शुक्रवारची तारीख. ती वाकून कितीतरी वेळ बघत राहिली. चूक शोधत होती. माझा हात माऊसवर स्थिर होता. ते मला आजही आठवतं.

"काय दिसतंय, बेटा?" सरांनी विचारलं.

"ढापा आहे, पप्पा," ती म्हणाली.

"बघ. मी म्हणलं होतं का नाय."

तिचा चेहरा उतरला. माझ्याकडं बघून म्हणाली, "सॉरी ताई. तुम्हाला उगंच बोलले." मी म्हणाले, "असू द्या, होतं असं." सरांनी जाताना हात जोडले. मी खुर्चीतून उठून त्यांच्यासाठी दार उघडून धरलं.

त्यानंतर सर एकटे कधी बाहेर पडले नाहीत. त्यांच्या भागाचा मुकादम सांगतो. पूर्वी रोज सकाळी चालत बुद्धविहारात जायचे, पोरांना पेटी शिकवायचे. आता मोठ्या रस्त्यानंही नाही. हाड जुळलं, पण पाय टाकायची हिंमत गेली, म्हणतात. सुजातानं बिडकीनची नोकरी सोडली आणि घराजवळ कमी पगाराची धरली. तिला मी एकदा लांबून पाहिलं, भाजीच्या गाड्यावर. तिनं ओळखून मान हलवली. मी पण हलवली.

मी अजून त्याच ऑफिसात आहे, त्याच खुर्चीवर. तो फोटो अजून तिथंच आहे.

घरी त्या दिवसाची गोष्ट निघत असेल, तर सर म्हणत असतील की ऑफिसनं काम केलं होतं, आणि सुजाता गप्प बसत असेल. तिला वाटतं, त्या दिवशी ती चुकली. ती चुकली नव्हती. शुक्रवारी तिथं ढापा नव्हता, हे मला माहीत होतं. फोटो मी बदलला.