ओढ्यावरच्या मोठ्या निवळ्या

संगमनेरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या अंबिकाबाईंना राग चटकन येई आणि जाताना मात्र रेंगाळे, हे साऱ्या स्टाफरूमला ठाऊक होतं. अकोले तालुक्यातल्या माहेरी गेल्या की त्या ओढ्याकाठी गप्प बसून राहत. तिथे पाण्यावर चालणारे किडे होते. निवळ्याच, पण डबक्यात दिसतात तशा चिमुकल्या नव्हेत. पाय पसरले तर तळहात भरेल एवढ्या, आणि धावत्या पाण्यातही प्रवाहाकडे तोंड करून जागच्या जागी टिकणाऱ्या. बाईंचं सगळं संशोधन त्यांच्यावरच चाललं होतं.

यंदा दिवाळीला त्या ओढ्यावर उतरल्या, तर एकही निवळी दिसेना. दगडांच्या बेचक्यांत पांढरा फेस साचला होता आणि फेसात काड्यांसारखे पाय अडकले होते. फेसाचा माग काढत त्या वर चढल्या. वर त्यांच्या धाकट्या भावाचं, अनीशचं, गाड्या धुण्याचं नवं सेंटर होतं. तिथलं साबणाचं पाणी पाइपातून थेट ओढ्यात पडत होतं.

अनीश हसला. किडेच तर आहेत, पावसाळ्यात पुन्हा होतील, म्हणाला.

बाईंचं टाळकंच सरकलं. सेंटरच्या वरच्या अंगाला पाणी स्वच्छ होतं. तिथून त्यांनी बादलीत पाण्यासकट दोन निवळ्या धरून आणल्या, गिऱ्हाइकांदेखत अनीशपुढे ठेवल्या आणि त्याच्याच पिंपातलं साबणपाणी त्यात ओतलं. पायाखालचं पाणी फाटावं तशा निवळ्या खचल्या, जरा धडपडल्या आणि तळाला गेल्या.

"पाणी त्यांना तोलून धरतं. साबणाने ते बळच जातं," बाई म्हणाल्या. "तू ओढाभर जीव बुडवलेस, अनीश."

दोन आपणही बुडवले, याने त्यांचा संताप आणखीच भडकला.

आई लेकाच्या बाजूने उभी राहिली. किड्यांपायी भावाच्या पोटावर पाय देतेस का, असं तिने विचारलं. भाऊबीज न करताच बाई निघाल्या, पण वाटेत ग्रामपंचायतीत तक्रार देऊन. ग्रामसभेत बरीच वादावादी झाली. अखेर अनीशला पाइप काढून शोषखड्डा खणावा लागला. नंतर कित्येक महिने बहीणभाऊ बोलले नाहीत.

उन्हाळ्याच्या तोंडाला त्याचा फोन आला. "ताई, वरून चार-दोन खाली आल्यात."

"बघितल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही," असं म्हणून बाईंनी फोन ठेवला आणि रविवारच्या एसटीची वेळ विचारायला स्टँडवर गेल्या.