दाजी आणि गोठणारं रक्त

माणसाचं तोंड, कपडे, जमीनजुमला सगळं सोडून थेट त्याच्या रक्ताकडे बघणारा इसम अख्ख्या मराठवाड्यात एकच, आणि तो नेमका माझ्या बहिणीच्या वाट्याला आला. आमचे दाजी संभाजीनगरच्या एका प्रयोगशाळेत रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांवर संशोधन करतात. जखम झाली की ही प्रथिनं जाळं विणून रक्त थांबवतात. तेच जाळं हृदयाच्या नळीत विणलं गेलं की माणूस आटोपला. एवढं मला कळतं, कारण एका लग्नाच्या पंगतीत दाजींनी जिलबी हातात धरून, तिच्या वेटोळ्यांवर बोट फिरवत ते समजावलं होतं. शेजारच्या आजोबांनी जिलबी परत केली.

तलवाड्याला आमच्याकडे आले की त्यांना ऊतच येतो. विळीवर माझ्या बायकोचं बोट कापलं, तेव्हा घर हळदीसाठी धावलं आणि दाजी घड्याळ काढून "दाबू नका, दाबू नका! काय झकास गोठतंय बघा!" म्हणत नाचू लागले. कपिलधारला मी धबधब्यापाशी घसरलो, तर माझा गुडघा न्याहाळून म्हणाले, "तुमचं रक्त लई गुणी हाय." इतकं कौतुक माझं शाळेतही कुणी केलं नव्हतं.

गेल्या पोळ्याला, बैलांची मिरवणूक निघायच्या वेळी, माझे वडील आण्णा एकदम ओट्यावर बसले. "छाती भरून आल्यावानी वाटतंय. गॅस असंल," म्हणाले. आईने ओवा आणला. दाजींनी तो बाजूला सारला, खिशातली ॲस्पिरिनची गोळी आण्णांच्या तोंडात घातली आणि ओरडले, "चावा, मामा! दवाखान्यात जायचंय!"

"कावून? बैल तरी येऊ द्या वेशीतून."

"बैल येतेल. तुमी चला!" आणि नव्या धोतरातल्या, फेटा बांधलेल्या सासऱ्याला त्यांनी उचलून गाडीत घातलं.

बीडच्या डॉक्टरांनी गुठळी विरघळवली. पण तपासणीसाठी आण्णांच्या दंडात सुई गेली मात्र, जन्मभर रक्तात रमलेले दाजी धाडकन आडवे! नर्सबाईंना एकाचे दोन पेशंट झाले.

शुद्धीवर आल्यावर ते व्हरांड्यात माझ्याजवळ बसले. मला हसू आवरेना. ते हळूच म्हणाले, "आमचे वडील, दादा, असेच गेले. बांधावर. मी शाळेत हुतो. उसण भरली समजून पाठीला बाम चोळत बसलो."

माझं हसू जागच्या जागी थांबलं. एवढ्यात आतून आण्णांचा आवाज आला, "जावई पाव्हणं जेवले का रं?"

दाजी आण्णांचा फेटा मांडीवर घेऊन त्याची घडी घालू लागले. मग मीच ओरडून सांगितलं, "जेवले, आण्णा."

जेवले नव्हते.