कुसुमला माझा डबा आठवत नाही

मैत्रिणींनो, आज सकाळी पांढुर्ण्याहून कुसुमचा फोन आला.

“कॉलेजातल्या आपल्या मुलींच्या मंडळाचा मेळावा करून राहिलो. भाषण तूच दे वं, तू तर आमचीच!”

ऐंशीच्या दशकात त्या मंडळात शिरायचं तर नव्या मुलीनं घरून डबा आणायचा. सगळ्यांनी त्यातला घास खाल्ला, की ती मंडळाची. मी सौसरहून आईच्या हातची पाटवडी नेली होती. आम्ही बौद्ध, हे कळताच एकेकीला उपास आठवला. कुसुमलाही.

“माझा डबा आठवते का?” मी विचारलं.

“कोणता वं? किती मजा करायचो न आपण!”

जातीच्या याच शिवाशिवीवर मी आयुष्यभर सभा गाजवल्या. आज नुसतं “पाहते” म्हणून फोन ठेवला. रागवायचाही थकवा येतो आता.

जिला काही आठवतच नाही, तिला माफ तरी कसं करायचं?