वेशीवरचं आक्काचं घर

मी एका गावची पाटलीण आहे. गाव खरं न्हाई, मोबाईलवरच्या खेळातलं. हसा, माझ्या ऑफिसातले बी हसतात. पण खेळवाल्यांनी आम्हाला नुसतं रान दिल्तं. झाडं आम्ही तोडली, घरं आम्ही बांधली, आणि लुटारूंची टोळी आली की भांडायलाही आम्हीच. गाव कसं चालवायचं हे कुणी सांगितलं न्हाई, मंग नियम आमचे आम्हीच केले.

माणसं सगळी जालना जिल्ह्यातलीच. मी नवीन जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत कामाला. राजूरला देवळाजवळ नारळ-प्रसादाचं दुकान असलेले एकजण, त्यांना सगळे भाऊ म्हणतात. घनसावंगीला दिलेली माझी मोठी बहीण, आक्का. आणखी थोडेफार इकडचे तिकडचे. आमचा पहारा लाइटीवर चालतो: जालन्यात लाइट गेली की राजूरनं वेस सांभाळायची, राजूरची गेली की घनसावंगीनं. कोठारातलं धान्य कुणीबी न्यावं, फक्त नेलं तेवढं परत पेरावं.

एक नियम मात्र माझ्या एकटीचा. पंधरवडाभर कुणी खेळात फिरकलंच न्हाई तर त्याचं घर पाडायचं आणि जागा दुसऱ्याला द्यायची. कारण भिंतीला भेग पडली तर ती मालकालाच बुजवता येते, आणि लुटारू त्याच भेगेतून आत शिरतात. पण पाडायच्या आधी पाटलिणीनं त्या माणसाच्या खऱ्याखुऱ्या दारात जाऊन हाक मारायची. मेसेज, फोन बिलकुल चालणार न्हाई.

"अशानं तुम्ही जिल्हाभर फिरत बसताल, पाटलीणबाई," भाऊ म्हणाले.

"फिरीन. कुणाचं घर पाडायचं म्हणजे चेष्टा हाय का?"

मोठ्या तोऱ्यात बोलून बसले, आणि पहिलं घर निघालं ते आक्काचं.

सासरी आक्काला काही कमी न्हाई. पण घर सासूबाईंचं, स्वयंपाकघरात शब्द जावेचा. खेळातल्या घराला मात्र ती "माझं घर" म्हणायची. ते अगदी वेशीला लागून. दारात तुळस पाह्यजे म्हणून हटून बसली. खेळात कुठली आलीय तुळस? मंग कसलंसं हिरवं झुडूप लावलं आणि त्यालाच रोज पाणी घालायला लागली. मी ऑफिसातून सुटले की आम्ही दोघी तिच्या ओट्यावर बसायचो आणि टाइप करत गप्पा हाणायचो. मला वाटायचं, बहीण रोज भेटते, अजून काय पाह्यजे?

आणि ती यायचीच बंद झाली. पहिले काही दिवस मी मनावर घेतलं न्हाई. मंग तिचं झुडूप वाळलं. मंग भिंतीला भेग दिसली. ऑफिसात बियाण्याच्या पिशव्यांचे नग मोजायला घेतले की मधेच खेळ उघडून बघायची, परत पहिल्यापासून मोजायची. साहेब दोनदा ओरडले. आक्काला फोन केला की एकच उत्तर, "येते गं. काम करून राह्यले." कसलं काम, ते सांगायची न्हाई. जीव नुसता खालीवर. सासरी काही बिनसलं का? तब्येत? का माझाच काही राग आलाय?

शनिवारी भाऊंचा मेसेज आला. "पाटलीणबाई, उद्या पंधरवडा भरतो. वेशीवरचं घर आहे, सगळं गाव जाईल. नियम तुमचाच आहे."

मी नुसतं "माहीत हाय" असं लिहिलं आणि फोन पलंगावर फेकला.

रविवारी सकाळीच काळीपिवळीत जाऊन बसले. जीप भरल्याशिवाय ड्रायव्हर काही हलेना. "दादा, जल्दी करा ना!" म्हणलं तर म्हणतो, "ताई, अजून दोन शिटा." अंबडच्या पुढं उसाचा ट्रॅक्टर आडवा आला, तिथं बी खोळंबा. मी सारखी फोन बघत होते. भिंत अजून उभी होती.

घनसावंगीला उतरले आणि तिच्या दारातूनच ओरडले, "आक्का! जिवंत हायस का गं?"

आक्का ओसरीवर निवांत बसलेली, धडधाकट. शेजारी फोन. पुढ्यात धपाट्यांची चळत, वाटीत दही. धपाटे तिला आवडत न्हाईत, मला आवडतात.

"आली का पाटलीण?" ती हसली.

"हसतीस काय? फोन हाय, नेट हाय, हात-पाय धड हायत, मंग घर का पाडून घेऊन राह्यलीस?"

"बस आधी. पाणी पी."

"पाणी गेलं चुलीत!"

तिनं तांब्या माझ्यापुढं सरकवला. "दिवाळीला येते म्हणलीस. संक्रांतीला येते म्हणलीस. रोज माझ्या ओट्यावर येऊन बसायचीस, म्हणून तुला वाटायचं भेट झाली. किती बोलवायचं माणसानं? मंग तुझाच नियम धरला. घर पडायच्या आधी पाटलिणीला दारात यावंच लागतं."

मला रागही आला आणि रडूही. "आणि मी नियम मोडून, न येताच पाडलं असतं तर? तुझं घर गेलं असतं की!"

"गेलं असतं," आक्का म्हणाली. "माझं म्हणायला तेवढं एकच होतं. तेच पणाला लावलं."

मी खाली बसले. धपाटं तोंडात घातलं. तोवर तिनं फोन घेतला, खेळात शिरली, भिंतीची भेग बुजवली, वाळल्या झुडपाला पाणी घातलं. इकडं माझ्या फोनवर भाऊंचा मेसेज पडला, "आली का आक्का? बरं झालं."

"आता रोज खेळात येत जा गं," मी म्हणाले.

आक्कानं फोन पालथा ठेवला आणि माझ्या ताटात दही वाढलं.

"आता पंधरवडा भरेपर्यंत मी काही तिकडं यायची न्हाई," ती म्हणाली. "तू ठरव."